हळदीच्या मांडवातला उजेड : चित्रणाच्या दिव्यांचा सव्वाशे वर्षांचा प्रवास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली रूपे शक्य तिथे तशीच ठेवली आहेत. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळावर आठ्या आल्या असतील. इतिहासाच्या व्याख्यानात ‘व्हिडिओसाठी दिवे कोणते निवडावेत’ हा प्रश्न कशाला? हे दुकानदाराला विचारावं ना! पण रायगडच्या किनाऱ्यावर, उरणपासून श्रीवर्धनपर्यंत, आज गावागावात चित्रण करणारी मुलं आहेत. कोणी लग्न आणि हळदीचे व्हिडिओ करतो, कोणी आगरी-कोळी गाण्यांचे अल्बम, कोणी होडीवरून थेट मोबाइलवर मासेमारी दाखवतो. ही सगळी मंडळी दुकानात जातात तेव्हा दुकानदार त्यांना एकच आकडा सांगतो : किती वॉट. आणि मग हळदीच्या रात्री नवरी हिरवट दिसते, कुंकू तपकिरी दिसतं, ओळीत बसलेल्या म्हाताऱ्या बायका अंधारात जातात.

हे का होतं, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. गेल्या सव्वाशे वर्षांत चित्रणाचा दिवा फार कमी वेळा मोकळेपणाने निवडला गेला. कधी तो फिल्मने ठरवला, कधी आवाजाने, कधी विजेच्या तारेने. तडजोड प्रत्येक वेळी झाली, आणि तिची किंमत बहुतेक वेळा पडद्यावरच्या चेहऱ्याने मोजली. आज त्या सक्तीतल्या बऱ्याच गळून पडल्यात. म्हणून निवडीची जबाबदारी आता आपल्यावर आली आहे.

वीज नको म्हणून निवडलेलं गाव

सुरुवात अलिबागपासूनच करू. इथली चुंबकीय वेधशाळा तुम्ही सगळ्यांनी बाहेरून तरी पाहिली असेल. ती इथे आली १९०४ साली. त्याआधी हे काम मुंबईत, कुलाब्याच्या वेधशाळेत चालायचं. पण मुंबईच्या ट्राम घोड्यांऐवजी विजेवर चालवायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार, हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळात नवी जागा निवडली गेली ती अलिबागची. म्हणजे बघा, ज्या काळात मुंबई विजेकडे धावत होती, त्या काळात हा किनारा विजेच्या उपद्रवापासून लांब आहे म्हणून विज्ञानाने पसंत केला!

त्या वेधशाळेत नोंद कशी व्हायची, तेही आजच्या विषयाला धरून आहे. अंधाऱ्या खोलीत टांगलेलं चुंबक, त्याला चिकटवलेला छोटा आरसा, त्या आरशावर पडणारा दिव्याचा झोत, आणि परावर्तित ठिपका टिपणारा फोटोचा कागद. एक दिवा, एक आरसा, एक उजेड टिपणारा पृष्ठभाग. चित्रणाचं मूळ सामान हेच आहे. पुढे सगळी भर पडली ती यातच.

मग बाकीच्या किनाऱ्यावर रात्री उजेड कशाचा होता? तेलाचा. खोबरेल होतं, आणि दिव्यासाठी खास उंडीचं कडू तेल होतं. तेल गाळणाऱ्यांत इथले बेने इस्रायली होते. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा, म्हणजे अभिनेते डेव्हिड, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. आडनावातच आपलं चौल आहे. दिव्यासाठी तेल गाळणाऱ्या समाजातला एक माणूस पुढे स्टुडिओच्या दिव्यांखाली उभा राहिला, एवढी नोंद इथे करून ठेवतो.

तेलानंतर आली गॅसबत्ती, आपली पेट्रोमॅक्स. वरातीत ती डोक्यावर घेऊन चालणारी माणसं आजही जुन्या लोकांच्या डोळ्यांपुढे आहेत. वराती आणि नाटकं त्यावर निभावली. पण कॅमेऱ्याला तेवढ्याने भागत नव्हतं.

ऊन हाच दिवा

७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा सिनेमा दाखवला गेला. तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्ती चित्रित केली. कुस्ती बागेत का? कारण छपराखाली काही दिसलंच नसतं. त्या फिल्मला प्रचंड उजेड लागायचा. भर दुपारी उघड्यावर जवळपास एक लाख लक्स उजेड असतो, तर साध्या घरातल्या खोलीत शे-दोनशे लक्स. हा पाचशे पटींचा फरक भरून काढेल असा दिवा सावेदादांकडे नव्हता.

दादासाहेब फाळक्यांचंही तेच. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी लागला. त्याचा बराचसा खटाटोप दादरच्या बंगल्यात, उन्हाच्या भरवशावर झाला. राजवाडा असो की झोपडी, नेपथ्य उघड्यावर उभं करायचं. ऊन फार कडक झालं तर वर पातळ पांढरं कापड ताणायचं, सावली फार काळी पडली तर समोरून पांढरा फळा धरायचा. त्या काळच्या स्टुडिओंची हीच रीत होती. ढग आला की काम थांबलं.

पण खरी गंमत फिल्मच्या रसायनात आहे. त्या काळची फिल्म निळा आणि हिरवा रंग टिपायची, लाल तिला दिसतच नव्हता. परिणाम असा की निळं आकाश पांढरं फटक, आणि लाल कुंकू काळं. हळदीचा पिवळा करडा. सावळा चेहरा, ज्यात तांबूस छटा असते, तो प्रत्यक्षापेक्षा जास्त काळवंडलेला. म्हणून नट पांढरा रंग चोपडून उभे राहायचे. त्याला केवळ गोरेपणाची हौस म्हणून चालणार नाही. फिल्म जे पाहू शकत नव्हती, त्याची भरपाई चेहऱ्यावर लेप लावून चालली होती. नंतर सगळे रंग टिपणारी पँक्रोमॅटिक फिल्म आली, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात ती सर्रास झाली. लेप मात्र सवयीने राहिला.

कोल्हापूरचे दिवे, मुंबईची आगगाडी

दिवा ही चित्रकाराची गोष्ट आहे, हे आपल्याकडे ज्यांनी दाखवलं ते कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. नावातच पेंटर. नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस, कॅमेरासुद्धा स्वतः घडवलेला. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या ‘सिंहगड’मध्ये, १९२३ साली, कृत्रिम दिवे वापरले गेले. भारतातला हा पहिला वापर म्हणून अभ्यासक त्याची नोंद करतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९२५ चा ‘सावकारी पाश’. त्यातली अंधुक उजेडातली झोपडी पाहणाऱ्यांच्या लक्षात राहिली. दिवे हाताशी आल्यावर साधारण माणूस सगळं लख्ख करतो. बाबूरावांनी शेतकऱ्याचं दारिद्र्य दाखवायला अंधार राखून ठेवला. किती उजेड पाडायचा नाही, हेही निवडीतच येतं.

मग १९३१ साली बोलपट आला. ‘आलम आरा’ १४ मार्चला मॅजेस्टिकमध्ये लागला. हा चित्रपट बराचसा रात्री चित्रित झाला. कारण काय? स्टुडिओ रेल्वेच्या रुळांजवळ होता. दिवसभर गाड्यांचा खडखडाट. गाड्या थांबल्या की मध्यरात्रीनंतर काम सुरू. म्हणजे सूर्य बाद झाला तो आगगाडीमुळे, आणि चित्रण पूर्णपणे दिव्यांवर आलं.

त्यात आणखी एक भानगड होती. तोवरचा जोरदार दिवा म्हणजे कार्बनचा आर्क. कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी पेटती ठेवायची. उजेड झकास, पण तो गुणगुणतो. मूकपटात चाललं, मायक्रोफोनपुढे ते कसं चालणार? जगभरच्या स्टुडिओंना टंगस्टनच्या तारेचे बल्ब जवळ करावे लागले. ते शांत जळायचे. त्यांचा उजेड तांबूस असायचा, आणि तोवर लाल टिपणारी फिल्मही आलेली होती, म्हणून गाडं जमलं. फिल्म, आवाज आणि दिवा, तिघांनी एकमेकांना ढकललं. आर्कला पुढे आवाज दाबणारी जोड मिळाली आणि मोठ्या प्रसंगांसाठी तो टिकून राहिला, पण बंद, आवाज न येणाऱ्या, भट्टीसारख्या तापलेल्या स्टुडिओत काम करायची सवय नटांना तेव्हापासून लागली.

‘प्रभात’ १९३३ ला कोल्हापूरहून पुण्याला आली. १९३६ चा ‘संत तुकाराम’ व्ही. अवधूत यांनी चित्रित केला. आजही तो पाहताना जाणवतं की तुकारामांच्या चेहऱ्यावर झगमगाट नाही. साध्या माणसाला साधा उजेड. प्रभातच्या त्याच आवारात १९६० पासून आपली फिल्म संस्था उभी आहे.

उसना उजेड

आता दोन उदाहरणं आपल्या किनाऱ्यापासून लांबची, पण आपल्या खिशाला परवडणारी.

पहिलं कोलकात्याचं. सत्यजित राय यांचा ‘अपराजितो’, १९५६. काशीमधल्या घराचं अंगण स्टुडिओत उभारायचं होतं. अंगणात उजेड कसा येतो? वरून, सगळीकडून, सावली न पाडता. छायालेखक सुब्रत मित्र यांनी वर पांढरं कापड ताणलं आणि खालून दिवे त्यावर मारले. कापडावरून उसळून आलेला उजेड खऱ्या अंगणासारखा पडला.

दुसरं मुंबईचं. गुरुदत्तांचा ‘कागज के फूल’, १९५९. छतातून उतरणारा तो प्रसिद्ध झोत व्ही. के. मूर्तींनी आरशांनी केला. बाहेरचं ऊन एका आरशाने आत घेतलं आणि दुसऱ्याने हवं तिथे पाडलं. तेवढा समांतर, तेवढा प्रखर झोत कुठल्याही दिव्याला जमला नसता.

एक कापड आणि दोन आरसे. हे सामान चौलच्या बाजारातही मिळेल.

हॅलोजनची रात्र

आता व्हिडिओकडे येऊ. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. रंग आले १९८२ मध्ये. त्याच दशकात व्हीएचएस कॅमेरा लग्नाच्या मांडवात शिरला. आणि त्याच्याबरोबर शिरला हजार वॉटचा हॅलोजन.

हा दिवा तुम्हाला आठवत असेल. कॅमेरावाल्याच्या मागे एक पोरगा, हातात तो पेटलेला डबा, मागे लांबलचक वायर, आणि वायरीत अडखळणारे पाहुणे. हॅलोजन का निवडला गेला? त्या काळच्या व्हिडिओ कॅमेऱ्याला कमी उजेडात काही दिसत नव्हतं. अंधार आणि उजेड यांतला फार थोडा पल्ला त्याला पकडता यायचा. मग समोरून भपकन उजेड मारला की चित्र तरी येतं, एवढाच हिशेब. दिव्यात गेलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेत जायचा. नवरीच्या डोळ्यांतून पाणी यायचं, ते सासरच्या आठवणीने की हॅलोजनने, कळायचं नाही.

आपल्याकडची हळद ही रात्रीची. बँजो वाजतो, नाच होतो, पण विधीचा गाभा धवलारीणीकडे असतो. ती धवले गाते, तिच्या तोंडून विधी पुढे सरकतो. आता घरात जुनी कॅसेट असेल तर काढून बघा. हॅलोजन कुठे रोखलाय? नवरा-नवरीवर, आणि नाचणाऱ्या पोरांवर. धवलारीण बसलीय कडेला. तिचा आवाज येतो, चेहरा येत नाही. कॅमेरावाल्याच्या मनात काही वाईट नव्हतं. त्याच्याकडे दिवा एकच होता आणि वायर तिथवर पोचत नव्हती. पण चाळीस वर्षांनी त्या कॅसेटी घराघरातले दस्तऐवज झाल्यात, आणि ज्या बाईला सगळे धवले पाठ होते ती त्यांत सावली म्हणून उरली आहे.

रंगाचं माप कोणाच्या कातडीवर ठरलं, हेही ध्यानात ठेवा. कोडॅकच्या प्रयोगशाळा फोटोंचे रंग जुळवायला एक नमुन्याचं कार्ड वापरायच्या. त्यावर बरीच वर्षं गोरी बाई असायची. तिचा चेहरा बरोबर आला की यंत्र बरोबर, असं गृहीत. समुद्रावर रापलेला कोळ्याचा चेहरा त्या हिशेबात नव्हताच.

एलईडी आला, आणि लाल गेला

निळा एलईडी घडवल्याबद्दल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं. त्या निळ्यामुळेच पांढरा एलईडी शक्य झाला. पण हा पांढरा बनतो कसा? आत निळा दिवा, वर पिवळी फॉस्फरची पूड. निळा आणि पिवळा मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. स्वस्त दिव्यात गडद लाल फारच कमी असतो.

आता शंभर वर्षांपूर्वीची फाळक्यांची फिल्म आठवा. तिला लाल दिसत नव्हता. आज कॅमेऱ्याला लाल दिसतो, पण दिव्यातच लाल नाही! म्हणून कुंकू तपकिरी, शालू मळका, आणि चेहऱ्यातली तांबूस छटा गेल्यामुळे सावळा माणूस हिरवट, आजारी. हळद लावलेल्या अंगावर तर हे दुप्पट दिसतं.

दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय ९५’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. शंभरपैकी मार्क, असं समजा. पण हा मार्क आठ फिकट रंगांच्या सरासरीवर काढतात. गडद लाल हा नववा नमुना, त्याला ‘आर-९’ म्हणतात, आणि तो या सरासरीत धरतच नाहीत. म्हणजे आठ विषयांत पास झालेला दिवा कुंकवाच्या पेपरात नापास असू शकतो. दुकानात ‘आर-९ किती?’ हे विचारा. आकडा मिळाला नाही, तर एक लाल साडी आणि एक हळकुंड बरोबर न्या, उन्हात एकदा आणि त्या दिव्याखाली एकदा, रंगाचं सेटिंग त्या त्या उजेडाला जुळवून, मोबाइलवर चित्रण करा. दोन्ही शेजारी ठेवून बघा.

एलईडीचे उपकार मात्र मोठे आहेत. तो हॅलोजनइतका तापत नाही आणि बॅटरीवर चालतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळलं. विजेचे खांब आडवे झाले, कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. पडलेल्या माडांचं, उडालेल्या कौलांचं, रात्रीच्या घरांचं जे चित्रण झालं, ते मोबाइल आणि बॅटरीच्या दिव्यांवर. हॅलोजनच्या काळात त्या रात्री कोरड्या गेल्या असत्या.

मग निवडायचं कसं?

इतिहासातून मला जो क्रम दिसतो तो सांगतो.

पहिलं, सूर्याची जागा ओळखा. आपला समुद्र पश्चिमेला आहे. माणसाच्या मागे समुद्र हवा असेल तर सकाळी या. ऊन जमिनीकडून, म्हणजे त्याच्या चेहऱ्यावर येतं. संध्याकाळी तोच माणूस काळी आकृती होतो, कारण सूर्य त्याच्या मागे. आणि मेच्या मध्याला, ऐन लग्नसराईत, दुपारी सूर्य इथे थेट डोक्यावर असतो. डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तेव्हा मांडवाची सावली गाठा.

दुसरं, दिवा घेण्याआधी पांढरं कापड, फळा, आरसा यांचा उपयोग शिका. सूर्याशी बॅटरीच्या दिव्याने स्पर्धा होत नाही. चांगलं पॅनलसुद्धा एक मीटरवरून काही हजार लक्स देतं, आणि दोन मीटरवर त्याचा चौथा हिस्सा उरतो. एक लाखापुढे ते काय करणार? पांढरं धोतर मात्र त्याच सूर्याचा उजेड चेहऱ्यावर परत आणतं.

तिसरं, रात्रीसाठी एक प्रचंड दिवा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या, लालाची परीक्षा पास झालेले. एक कापडातून किंवा भिंतीवरून उसळवून नवरीसाठी. दुसरा धवलारीणीसाठी. सावळ्या चेहऱ्यावर समोरून भपका मारू नका. मोठ्या, मऊ उजेडाला बाजूने येऊ द्या, म्हणजे गालाच्या हाडावर, कपाळावर तो चमकतो आणि चेहऱ्याला आकार येतो.

चौथं, खारी हवा. स्क्रू, स्टँडचे सांधे, बॅटरीचे संपर्क, सगळं गंजतं. काम झालं की ओल्या फडक्याने मीठ पुसायचं, मग कोरड्याने. साधं, दुरुस्त होणारं सामान इथे जास्त टिकतं. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येते, त्यामुळे मुंबईहून गाडीभर भाड्याचं सामान आणता येतं. मोठ्या कामाला भाड्याने घ्या, रोजच्याला स्वतःचं थोडकं ठेवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न : मांडवातल्या दिव्यांखाली मोबाइलच्या चित्रात काळे पट्टे सरकतात. ते दिव्यामुळे की मोबाइलमुळे?*

दोघांच्या न जुळण्यामुळे. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावे घेते, आणि साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा मिणमिणतात. मोबाइल बहुधा सेकंदाला तीस चित्रांवर लावलेला येतो, ते अमेरिकेच्या साठ हेलकाव्यांच्या विजेला धरून आहे. सेकंदाला पंचवीस चित्रं आणि शटर एक पन्नासांश ठेवा. बहुतेक पट्टे जातात.

*प्रश्न : जुना हॅलोजन घरात पडून आहे. टाकून द्यावा का?*

नको. वीज खातो, तापतो, हे खरं. पण त्याच्या उजेडात लाल भरपूर आहे. कुंकवाच्या पेपरात तो कित्येक नव्या दिव्यांना हरवेल. मांडवाच्या कापडापासून लांब ठेवा, आग लागू शकते. पांढऱ्या भिंतीवर मारून वापरा.

*प्रश्न : सगळ्यांना लख्ख, गोरंच दिसायचं असतं. गिऱ्हाईक तेच मागतं. आम्ही काय करायचं?*

हा खरा प्रश्न आहे, आणि तो दिव्याने सुटणार नाही. एक करून बघा. गिऱ्हाईकाला नवरीच्या आजीचा एक नीट उजळलेला, खऱ्या रंगाचा तुकडा आधी दाखवा. सुरकुत्यांसकट, कपाळावरच्या कुंकवासकट. घरातली माणसं तो परत परत लावायला सांगतात की नाही, बघा. गोरं करणं संगणकावर कधीही करता येईल. जो चेहरा उजेडातच आला नाही, तो मात्र नंतर कुठूनच आणता येत नाही.